लाइन स्कॅन की एरिया स्कॅन

आलापल्ली,
६ जानेवारी २०२५

नूतन,

जय भीम. बायनाआत्या लिहून राह्यली. अक्षर मोठं आहे, चौथीपर्यंतच शाळा झाली, हसू नको.

फोन काऊन नाई केला ते पहिले सांगतो. कंपनीच्या गेटवर फोन जमा करा लागते. घरी आली की तो सुनबाईच्या हातात, अन् ती स्पीकर लावल्याशिवाय बोलू देत नाई. दुसरं म्हणजे तोंडी बोललेलं लोक मंग नाई म्हणतात. मले उत्तर कागदावर पाहिजे.

गोठ अशी आहे. आमच्या कंपनीत सागाचं लाकूड उकडून मशीनवर त्याचे कागदासारखे पातळ पदर काढतात. त्याले आमी पान म्हणतो. मोठ्या लोकाइच्या फर्निचरवर वरून चिकटवतात ते. पट्ट्यावरून पान येते, सात बाया ओळीनं बसलेल्या असतो, चीर दिसली, गाठ दिसली, किडीचं भोक दिसलं की पान ओढून बाजूले टाकतो. आमच्या त्या ओळीले कंपनीत लाइन म्हणतात. बारा वर्षं झाली, लाइनची मुख्य मी आहे.

दिवाळीनंतर हैदराबादच्या पार्टीनं माल वापस पाठवला. पानाले चिरा. मॅनेजर प्रफुल साहेबानं आमाले उभं केलं अन् म्हणे, "सात बाया, चौदा डोळे, अन् एक चीर दिसत नाई? मी डोळेच बदलून टाकतो." म्हणजे कॅमेरे लावणार. कॅमेरे लागले की बाया घरी.

ऑफिसात झाडू मारते ती खुशबू बारावी शिकली आहे. तिनं टेबलावरचा कागद वाचला. वर तुह्या पुण्याच्या कंपनीचं नाव. तुह्या बापाले, खुशालभाऊले, विचारलं त म्हणे, हो, तेच. कागदावर लिहिलं होतं, 'लाइन स्कॅन किंवा एरिया स्कॅन, निवड बाकी.' अन् खाली 'बॅक लाइट'.

दोन गोष्टी सांग. यात तुहा हात आहे काय? अन् निवड बाकी असन त एरिया स्कॅनच घे. लाइन स्कॅन बिलकूल नको. स्कॅन म्हणजे काय ते मले माहीत आहे, तुह्या आतोबाच्या पोटाचा चंद्रपूरले केला होता, आतलं सारं दिसते. काऊन नको ते लिहीत नाई. तू शिकलेली आहे, समजून घे.

बायनाआत्या


पुणे,
१५ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

जय भीम. तुझं पत्र वाचून मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. तुला एरिया स्कॅन कोणी शिकवलं? इथं दोन-दोन वर्षं काम केलेली मुलं या निवडीत गडबडतात, आणि तू आलापल्लीहून सल्ला पाठवतेस!

हो, यात माझा हात आहे. पूर्ण काम माझ्या एकटीवर सोपवलेलं हे पहिलंच. आमचे साहेब म्हणाले, तुझ्याच भागातलं आहे, तूच कर. तुला आधी सांगायला हवं होतं. तुला आवडणार नाही असं वाटलं, म्हणून टाळलं. चुकलंच.

पण तुझा सल्ला मानता येणार नाही, आत्या. एरिया स्कॅन एका झटक्यात सगळ्या चौकोनाचा फोटो काढतो. एका जागी थांबलेल्या वस्तूला तो ठीक. लाइन स्कॅनचं तसं नाही. तो लाइनवर डोळा लावून बसतो आणि सेकंदाला हजारो वेळा टिपतो. एक केससुद्धा सुटत नाही. तुमच्याकडे लाइन दिवसभर चालू असते, म्हणून लाइन स्कॅनच हवा.

कॅमेऱ्यापेक्षा दिव्याची निवड अवघड असते. समोरून प्रकाश टाकला तर सागाची नैसर्गिक काळी रेघसुद्धा चिरेसारखी दिसते. बाजूनं तिरपा टाकला तर उंचसखल तेवढं कळतं. मागून टाकला की जे लपलेलं असतं ते उघडं पडतं. म्हणून बॅक लाइट.

आता तुझी मदत हवी. वीस चांगली आणि वीस खराब पानं पाठव, हातभर लांबीची चालतील. आणि लाइनवर कोण कसं बसतं, कसं बघतं, कोणाच्या हातून काय सुटतं, ते सविस्तर लिही. तुझ्याइतकं बारीक कोणी सांगू शकणार नाही. पण आपलं नातं सध्या प्रफुल साहेबांना सांगू नकोस.

तुझी नूतन


आलापल्ली,
२७ जानेवारी २०२५

नूतन,

तुहं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळेस वाटलं माह्या वाचण्यात चूक झाली. मंग खुशबूकडून वाचून घेतलं. चूक नाई.

लाइनवर डोळा लावून बसते म्हणे तुहा कॅमेरा. सेकंदाले हजार वेळा. आमचा एक केस सुटत नाई म्हणे. काय पाहाचं आहे तुले? झिंगूबाई पदर सावरते ते? रुखमाबाई तंबाखू मळते ते? मंजुषाचं लेकरू अंगावर पिते, दुपारी तिची चोळी ओली होते, ते हजार वेळा पाहाचं आहे काय?

अन् मागून लाइट लावते म्हणे. लपलेलं उघडं पडते म्हणे. अव पोट्टी, आमी जुन्या धुतलेल्या साड्या नेसून कामाले येतो. त्याच्यात मागून लाइट मारला त काय उघडं पडन ते तुले समजत नाई? लिहाले हात कसा धजला? म्हणून मी एरिया स्कॅन म्हटलं होतं. लावाचा त साऱ्या एरियात लावा, गेटवर लावा, गोडाऊनले लावा, साहेबाच्या खोलीत लावा. फक्त बायाइच्या लाइनवरच काऊन?

कोणाच्या हातून काय सुटते ते लिहून पाठव म्हणते. म्हणजे मी चुगल्या कराच्या अन् तू त्या तुह्या कंपनीले विकाच्या. अन् नातं सांगू नको म्हणते. काऊन सांगू नको? चोर सांगू नको म्हणतात.

पानं पाठवतो. वीस पाठवतो, सारी चांगली. खराब एक नाई पाठवत. आमच्या लाइनवरून खराब पान पुढं जातच नाई, हे तुह्या मशीनले पाहू दे. एक-एक पान मी सवता उजेडात धरून पाह्यलं, मंग लाकडाच्या पाटीवर ठेवून दोन्ही टोकं सुतळीनं आवळून बांधली. पोस्टात हललं नाई पाहिजे म्हणून.

बायना


पुणे,
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

आधी माझी चूक. तुझं पत्र वाचलं आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. हसू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. मी जन्मले सावली गावात, पण पाच वर्षं पुण्यात राहून विसरले की आपल्याकडे लाइन म्हणजे बायांची लाइन.

इथली लाइन म्हणजे पट्टा. पट्ट्यावरून पान सरकतं. कॅमेरा त्याच्यावर खाली तोंड करून बसवतात. तो पानाची एकेक बारीक ओळ टिपतो, दोऱ्याएवढी, आणि त्या ओळी जोडून पान तयार करतो. त्याला माणूस दिसतच नाही. बॅक लाइट पानाच्या खाली असतो, पट्ट्यात मध्ये एक फट ठेवून. पानाला चीर असली तर त्यातून उजेडाची रेघ वर येते. बस, एवढंच. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नातं लपवायला सांगितलं ते माझ्या भीतीमुळं. माझी आत्या तिथं आहे हे कळलं तर माझा अहवाल कोणी खरा मानणार नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला लिहावीशी वाटत नाही.

तुझी वीस पानं आम्ही बॅक लाइटवर ठेवली. नऊ पानांना चिरा आहेत. केसाएवढ्या नाहीत, बोटभर लांब. दिव्याशिवायसुद्धा दिसतात.

तू लिहिलंस की प्रत्येक पान तू स्वतः उजेडात धरलंस. मग हे काय आहे? तू रागानं मुद्दाम खराब पाठवलीस का? की खरंच तुला दिसलं नाही? तू आता पंचावन्नची आहेस. बाबा म्हणत होते की तू डोळे तपासायला टाळतेस. आत्या, प्रफुल साहेब म्हणतात बाया बघत नाहीत. तुझ्याच हातच्या पानांवरून मला त्यांचं म्हणणं खरं लिहावं लागेल. पंधरा मार्चला अहवाल द्यायचा आहे. मला काहीतरी सांग.

नूतन


आलापल्ली,
२७ फेब्रुवारी २०२५

नूतन,

लाइनची गोठ समजली. पानाखाली लाइट, ठीक आहे. तेवढ्यापुरता माहा राग मागं घेतो.

पण नऊ पानं फाटली म्हणते ते मी मानत नाई. माह्या डोळ्याले काई झालं नाई. सुईत दोरा मी ओवतो, तुही वहिनी ओवत नाई. पोस्टवाल्यानं आपटली असतील. नाई त तुह्या ऑफिसातल्या कोणी दाबून पाह्यली असतील. शहरातल्या लोकाइले लाकूड हातात घेता येत नाई.

का मंग तूच फाडली? तुले पहिलं काम भेटलं, तुह्या साहेबाले खूश कराचं आहे, कॅमेरा विकाचा आहे. मी असं मनात आणत नव्हती, पण तू माह्या डोळ्याइवर आली त मी काऊन मागं राहू.

मी पाह्यलं तवा पान अख्खं होतं. नागसेन बुद्ध विहारात उभी राहून सांगन. लिही तुह्या अहवालात.

बायना


पुणे,
७ मार्च २०२५

आत्या,

मी फाडली नाहीत. तुलाही ते माहीत आहे.

तुझं पत्र वाचल्यावर मी पानं पुन्हा काढली. या वेळी तुझ्यावर संशय न घेता बघितली, आणि मग तीन गोष्टी दिसल्या. नऊच्या नऊ पानांत चीर सुतळीपासून सुरू होते. जिथं तू आवळून बांधलंस त्या टोकापासून, आणि रेषेरेषेनं आत जाते. दुसरं, पाटीवर सुतळीखाली ओलाव्याचा डाग आहे. तिसरं, पार्सलवर चिकटवलेल्या पोस्टाच्या पावतीवर वजन लिहिलं आहे, आणि आज तेच पार्सल मी मोजलं तर ते बरंच हलकं भरलं.

म्हणजे तू बांधलीस तेव्हा पानं ओली होती. इथं येऊन वाळली, आकसली, टोकं बांधलेली म्हणून सरकू शकली नाहीत आणि फाटली. तू पाहिलंस तेव्हा पान अख्खंच होतं. तुझे डोळे ठीक आहेत. मी माफी मागते.

पण मग एक प्रश्न उरतो. लाइनवरची पानं ओली कशी? प्रफुल साहेबांनी मला कारखान्याचा नकाशा पाठवला आहे. त्यात आधी कापणारं मशीन, मग वाळवायची भट्टी, आणि भट्टीच्या पुढं तुमची लाइन. भट्टीतून आलेलं पान कोरडं असायला हवं.

लाइन खरंच कुठं आहे, आत्या? नकाशात आहे तिथं, की भट्टीच्या आधी? कारण पान जर भट्टीत फाटत असेल आणि तुम्ही त्याच्या आधीच बसून बघत असाल, तर चौदाच काय, चाळीस डोळे लावले तरी चीर दिसणार नाही. ती तेव्हा नसतेच.

मी अहवालाला दहा दिवस वाढवून घेतले आहेत. लवकर लिही.

नूतन


आलापल्ली,
१४ मार्च २०२५

नूतन,

हे पत्र वाचून फाडून टाक. नाई, फाडू नको, ठेव. पण कोणाले दाखवू नको.

लाइन भट्टीच्या आधी आहे. कापणाऱ्या मशीनजवळ, समोरच्या शेडमधी. मागच्या जूनपासून.

पहिले आमी भट्टीच्या तोंडाशीच बसत होतो. पान बाहेर यायचं ते पापडासारखं गरम. हिवाळ्यात बरं वाटे. उन्हाळ्यात बाहेर सत्तेचाळीस, अन् आत किती ते कोणी मोजलं नाई. दोन उन्हाळे आमी कूलर मागतला. साहेब म्हणे, कूलरच्या हवेनं पान उडते. मागच्या मे महिन्याच्या शेवटी झिंगूबाई पट्ट्यावर पडली. पडली म्हणजे पानासंग पुढं गेली चार हात. आमी ओढून काढली. तोंडाले फेस आला होता.

दुसऱ्या दिवशी मी काम बंद केलं. साऱ्या बाया माह्या मागं उभ्या. मी प्रफुल साहेबाले म्हटलं, लाइन इथून हलवा, नाई त आमी हललो. त्यानं समोरच्या शेडकडं बोट दाखवलं अन् म्हणे, "जा, तिथी बसा, बोंबलू नका." एका दुपारी पट्टा हलवला. कागद नाई, काई नाई. मालक नागपूरले राह्यते, त्याले साहेबानं सांगतलंच नसन, म्हणून नकाशात जुनी जागा दाखवते. आता मले समजलं.

अन् मले हे पण समजलं की चिरा काऊन गेल्या हैदराबादले. पहिले भट्टीतून फाटलेलं पान आमच्या हातात येत होतं, आमी काढून टाकत होतो. आता आमी ओलं पाहतो, चांगलं म्हणतो, अन् ते मंग भट्टीत जाऊन फाटते. मीच हलवाले लावली लाइन. मीच.

हे कोणाले सांगतलं नाई. बायाइले बी नाई. त्या म्हणतात बायनाबाईनं आमाले भट्टीतून वाचवलं. आता एप्रिल येऊन राह्यला.

तू हे अहवालात लिहू नको. लिहिलं त आमच्यावरचा आंधळेपणाचा आळ जाईन, पण साहेब आमाले परत भट्टीच्या तोंडाशी बसवन, अन् या वेळेस झिंगूबाई उठणार नाई. नाई लिहिलं त आमी आंधळ्या ठरतो अन् घरी जातो. दोन्हीकडून आमीच. तू शिकलेली आहे. तिसरं काई असन त सांग. नसन त गप बस.

बायनाआत्या


पुणे,
२५ मार्च २०२५

प्रिय आत्या,

मी गप बसले नाही. खोटंही लिहिलं नाही. अहवाल काल गेला, प्रफुल साहेबांना आणि सोबत नागपूरला मालकांनाही. तुझं नाव नाही, झिंगूबाईंचं नाव नाही. पण पानं भट्टीत फाटतात, तपासणी भट्टीच्या नंतरच व्हायला हवी आणि आज ती आधी होते, हे लिहिलं आहे. ते न लिहिता कॅमेरा लावला असता तर कॅमेराही आंधळा ठरला असता, आणि मीही.

तू माझ्यावर चिडशील. चिड. पण सोबत अहवालाचं एक पान मराठीत लिहून पाठवते आहे, ते नीट वाच. खुशबूकडूनही वाचून घे.

कॅमेरा पन्नास अंशांच्या वर टिकत नाही. आधी चित्रात डाग येतात, मग तो बंद पडतो. भट्टीच्या तोंडाशी तो एक उन्हाळा काढणार नाही. शिवाय दाराबाहेरचं ऊन पानावर पडलं तर बॅक लाइटचा काही उपयोग नाही, चिरेचा उजेड उन्हात बुडून जातो. म्हणून मी लिहिलं आहे की भट्टीच्या पुढं पट्ट्याभोवती बंद खोली बांधा, उन्हाची तिरीप आत येता कामा नये, आणि खोलीत एसी लावा. हे केल्याशिवाय आमची कंपनी कॅमेऱ्याची हमी देतच नाही.

खाली आणखी एक ओळ आहे. कॅमेरा काळी रेघ आणि चीर यांत अजून चुकतो. ज्या पानावर त्याला शंका येईल ते अनुभवी माणसानं तिथंच उलटून बघून निकाल द्यायचा. त्याच खोलीत. अशी माणसं किती, तिथं मी 'सात' लिहिलं आहे. हे तुमच्यावर उपकार म्हणून नाही. शंभर पानांत तो आज अठरा वेळा चुकतो, मी मोजलं आहे.

आता खरं सांगते, कारण तुला कागदावर हवं असतं. तुम्ही सांगत जाल तसा तो शिकत जाईल. वर्षभरानं कदाचित सात जणी लागणार नाहीत. दोन पुरतील. हे मी अहवालात लिहिलेलं नाही, पण कोणी विचारलं तर नाही म्हणणार नाही.

तुझी नूतन


आलापल्ली,
२२ मे २०२५

नूतन,

तुह्यावर दोन दिवस चिडली होती. तिसऱ्या दिवशी मालक आला.

नागपूरहून गाडी घेऊन आला अन् सरळ शेडमधी. हातात तुहा अहवाल. आमी लाइनवर बसलेल्या. त्यानं प्रफुल साहेबाले विचारलं, "ही लाइन इथं कुणी आणली?" साहेब पट्ट्याकडं पाहून म्हणे, "बाया आपल्या मनानं येऊन बसल्या, सर."

आपल्या मनानं! बारा वर्षांत आमी मुताले बी त्याले विचारून गेलो.

मी उठली. म्हटलं, "मालक, लाइन मी हलवाले लावली. साहेबानं हो म्हटलं, बोट दाखवलं, अन् माणसं लावून पट्टा आणून देला. माही चूक झाली, पान कुठी फाटते ते मले माहीत नव्हतं. साहेबाचं काम होतं माहीत असाचं."

 मशीनवाल्या लच्छूनं मशीन बंद केलं, त्याले ऐकाचं होतं. मागून झिंगूबाई म्हणे, "अन् मी पडली होती ते बी सांग वो." मंग ते बी सांगतलं.

मालक म्हणे, "ठीक आहे बाई, खरं बोललात. पण आता लाइन भट्टीपुढं परत जाणार." साहेबाच्या तोंडावर थोडं हसू आलं.

मी ब्लाउजातून तू पाठवलेलं पान काढलं. म्हटलं, "जातो. पण या कागदात लिहिलं आहे ते कॅमेऱ्याले लागते, एसी, बंद खोली. पन्नासच्या वर तो मरते म्हणे. आमी सत्तेचाळीसमधी मरतो, मालक. दोन उन्हाळे कूलर मागतला त पान उडते म्हणून नाई भेटला. आता एसीनं पान उडत नाई काय?"

रुखमाबाई हसली. मंग मंजुषा हसली. मालकानं कागद घेतला, वाचला, साहेबाकडं पाह्यलं. म्हणे, "हे पान तुमच्याकडं कसं?" मी म्हटलं, "माह्या भावाच्या पोट्टीनं लिहिलं आहे. नातं लपवत नाई. अन् खोटं निघालं त तिले बी काढा अन् मले बी." माफ कर, तू सांगू नको म्हटलं होतं. पण तवा तोंडाशी आलं अन् निघून गेलं.

खोली झाली. काचेची आहे, काचेले आतून काळा कागद. कॅमेरा वरती, खालून पट्ट्याच्या फटीतून तुहा लाइट. सात खुर्च्या. पहिल्या दिवशी आमी स्वेटर घालून बसलो, बाहेर चव्वेचाळीस होतं. झिंगूबाई म्हणे, "कॅमेऱ्याच्या नावानं का होईना, थंडी भेटली." प्रफुल साहेब रोज तीन वेळा पाहाले येते अन् जास्त वेळ थांबते. त्याच्या खोलीत अजून पंखाच आहे.

तुहा कॅमेरा बरा आहे. चीर असली की पडद्यावर लाल चौकोन येते. रेघेले बी लाल चौकोन देते, मंग आमी म्हणतो 'रेघ', मंजुषा बटण दाबते, तो समजून घेते. पहिल्या आठवड्यात दिवसभर 'रेघ, रेघ' ओरडत होतो. आता कमी झालं. शिकून राह्यला. तू खरं लिहिलं होतं.

म्हणून हे पत्र. काल दुपारच्या सुट्टीत आमी साती जणी डबे घेऊन खोलीतच बसलो, अन् मी त्याइले तुही शेवटची ओळ वाचून दाखवली. वर्षानं दोन पुरतील वाली.  मंग रुखमाबाईनं विचारलं, "किती शिकन तो?" मी म्हटलं, "आपण शिकवू तितका."

सागाच्या पानात एक ऐब असते. चीर नाई, गाठ नाई, भोक नाई. समोरून लाइट मार, बाजूनं मार, खालून मार, दिसत नाई. महिन्यातून दहा-पंधरा पानात निघते, अन् ते पान पुढं गेलं त चार महिन्यानं लोकाइच्या दारावर फुगते. आमाले ते कसं समजते ते आमी साती जणीनं कोणाले सांगतलं नाई. ते पान आमी चूपचाप काढून टाकतो, बटण दाबत नाई, अन् पडद्याले काई दाखवत नाई. असंच कराचं ठरलं आहे. झिंगूबाई त शपथ घेतो म्हणत होती, मी म्हटलं शपथ कशाले, तोंड बंद ठेव.

तू माह्या घरची आहे म्हणून एवढं लिहिलं. त्याच्यापुढं लिहीत नाई. तू आता मोठी इंजिनियर आहे, तुह्यावर विश्वास आहे, पण तुह्या कंपनीवर नाई, अन् तू कंपनीत बसते. विचारू नको. दिवाळीत सावलीले आली त इकडं माह्या घरी ये, बोड्याची भाजी अन् भाकर करून घालतो. जेवताना बी विचारू नको.

तुही आत्या,
बायना